पाठीमागून लावलेला निळा

"नुसती एक प्रिंट मारायचीय" असं म्हणत जो कोणी फरिदा मुलाणीच्या दुकानात शिरतो, त्याला ती आधी बसायला सांगते. नुसती प्रिंट अशी काही चीज जगात नसते, असं तिचं पंचवीस वर्षांचं मत आहे. इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर दुकानांची जी रांग आहे, तिथं बाकीचे सगळे सातबारे, प्रतिज्ञापत्रं आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून पोट भरतात. तेही फरिदाकडं होतं, पण तिचा जीव मागच्या खोलीतल्या, मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरवर. जवळजवळ चार फूट रुंद कागद ओढून घेणारं ते वापरलेलं यंत्र तिनं पुण्याहून आणलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, अमजदनं, टेम्पोतून उतरवून घेताना विचारलं होतं की एवढी मोठी शिलाई मशीन घेऊन कुणाचे कपडे शिवणार आहेस. अमजदचं बायपासला टायरचं दुकान आहे, आणि गोल नसलेल्या वस्तूवर त्याचा फारसा विश्वास नाही.

लग्नानंतर फरिदा कागदोपत्री शेख झाली. दुकानाच्या पाटीवर मात्र 'मुलाणी नकाशे' हेच राहिलं, कारण हा धंदा तिला सासरकडून नव्हे, बापाकडून आला. बाबालाल मुलाणी मोजणी खात्यात अनुरेखक होते. म्हणजे मूळ नकाशावर अर्धपारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची. सव्वीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. घरी काचेचं टेबल होतं, खाली बल्ब लावलेला. त्या उजेडात वाकून फरिदा रेघ मारायला शिकली, तेव्हा ती चौथीत होती.

मुलाण्यांचं मूळ गाव चिंचदेव. ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी उजनीच्या पाण्याखाली गेलं. वर डाळजच्या बाजूला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून, त्याच नावाचं नवं गाव बसलं. पाणी यायच्या आधी जुन्या गावठाणाची मोजणी झाली, तेव्हा तो नकाशा गिरवायचं काम बाबालालांकडंच आलं होतं. त्याची एक प्रत त्यांनी स्वतःसाठी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्यात घरांना नुसते आकडे होते. नावांची वही कुठल्याशा बदलीत गहाळ झाली होती. लहानपणी फरिदा विचारायची, अब्बा, यातलं आपलं घर कुठलं? ते सांगत नसत. फार मागं लागली की म्हणायचे, नकाशा काढणाऱ्यानं त्यात आपलं घर बघू नये, रेघ जाड होते. एवढ्यावर विषय संपायचा. अब्बा जाऊन आता अकरा वर्षं झाली. आई तर त्यांच्याही आधी गेली होती. विचारणार कुणाला? पण पेटी उघडली की फरिदाची नजर त्या आकड्यांवरून फिरायचीच, आणि आपण विचारायचं सोडायला नको होतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी स्वप्नाली गुरव दुकानात आली. चिंचदेवचीच मुलगी, बारामतीच्या कॉलेजात भूगोल शिकवणारी. दिवाळीत तिनं अब्बांचा कागद स्कॅन करून नेला होता. आता ती पेन ड्राइव्ह घेऊन आली होती. "नुसती प्रिंट" असं ती म्हणाली नाही. तिला फरिदामावशीचा स्वभाव ठाऊक होता.

स्वप्नालीचं काम काय होतं ते समजायला चिंचदेवची एक रीत सांगावी लागेल. नव्या गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, त्यामुळं शेजार फुटला. भिंतीला भिंत असलेली घरं गावाच्या दोन टोकांना गेली. म्हाताऱ्यांना चिठ्ठीपुढं काही करता आलं नाही, पण चिंचाईच्या पालखीचा क्रम त्यांनी सोडला नाही. चैत्रात पालखी आजही जुन्या गावाच्या आळीप्रमाणे दारोदार फिरते. एक घर झालं की जुन्या गावातलं त्याच्या शेजारचं घर, मग ते आता कुठंही असो. त्यामुळं पालखी त्याच रस्त्यानं सात वेळा जाते, सर्व्हिस रोड चार वेळा ओलांडते, आणि बघणाऱ्या परक्याला वाटतं की भोयांची वाट चुकली आहे.

हा क्रम एकट्या गेणबा गुरवाच्या, म्हणजे स्वप्नालीच्या आजोबांच्या, डोक्यात होता. खरं तर डोक्यात नव्हे, पायात. बसून सांगा म्हटलं तर त्यांना दहा घरांपुढं आठवायचं नाही. हातात दिवटी घेऊन पालखीपुढं चालायला लागले की पाय आपोआप वळायचे. आता वय शहाऐंशी, आणि गुडघे गेले. गेल्या वर्षी त्यांच्यावाचून पालखी निघाली, तर निम्मी घरं उलटसुलट झाली, दोन सुटली, आणि दुपारी दोनच्या उन्हात उपसरपंच विराजचे वडील रस्त्यातच कोसळले. ते वाचले, पण विराजनं ठरवलं की पुरे झालं. येत्या रविवारी देवळात बैठक होती. तिथं पालखीचा सरळ मार्ग ठरणार होता, एका बाजूनं शिरायचं आणि दुसरीकडून निघायचं. विराजचं चुकत होतं असंही नाही.

स्वप्नालीला वाटत होतं, आबांच्या पायांना जे आठवतं ते बोटाला आठवेल. म्हणून तिनं भला मोठा नकाशा केला होता. वर नवं गाव. खाली जुनं गाव, त्यावर पाण्याचा पारदर्शक निळा पदर, त्यातून घरं दिसतात असा. आणि घरोघरी विचारून, जुन्या घरापासून त्याच कुटुंबाच्या नव्या घरापर्यंत एकेक पारदर्शक पट्टा, आळीनुसार वेगळ्या रंगाचा. दोनशेच्या वर पट्टे एकमेकांवरून गेलेले. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की फरिदानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

देखणं होतं, पण छापून येत नव्हतं. बारामतीत एका प्रेसनं प्रयत्न केला. मशीन अडकलं, तेव्हा त्यांनी सगळ्या नकाशाचा फोटो केला आणि तो छापून दिला. त्यात १ आणि ९ वेगळे ओळखू येत नव्हते. म्हाताऱ्या माणसाला घरांचे आकडे आणि भिंती साफ दिसणार नसतील, तर त्या कागदाचा उपयोग भिंतीचा पोपडा झाकण्यापुरताच.

फरिदानं फाईल प्लॉटरला पाठवली. फाईल अवघी चौदा एमबीची. छापायच्या रांगेत ती फुगत फुगत साडेतीन जीबीची झाली. प्लॉटरचं डोकं चार बोटं छापून थांबलं आणि दिवा लुकलुकायला लागला. स्वप्नालीला नवल वाटलं, फरिदाला नाही. यंत्राला भरीव रंग सांगणं सोपं असतं, इथून इथवर लाल, संपलं. पण रंग पारदर्शक आहे म्हटलं की ते बिचारं प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून विचारतं, याच्या खाली काय, त्याच्याही खाली काय, आणि सगळं मिळून दिसायचं काय. दोनशे पट्टे, त्यांचे हजारो छेद, वरून पाणी. एवढा हिशेब त्या जुन्या यंत्राच्या डोक्यात मावणार कसा? फाईल ठेवून जा, शनिवारी ये, असं तिनं सांगितलं.

शुक्रवारी तिनं आधी नकाशाची झाडलोट काढली. स्कॅनमधून आलेला कचरा पुष्कळ होता, धुळीचे ठिपके, कागदाच्या सुरकुत्या, तुटक्या रेघा. एकेक वेचत बसायला वेळ कुणाला? ज्याला पट्टा जोडलेला नाही ते सगळं एकदम निवडलं आणि उडवून दिलं. ही तिची नेहमीची पद्धत होती. नकाशा हलका झाला, पण पुरेसा नाही. आता तो आठ बोटं छापून अडकला.

शनिवारी सकाळी तिनं पेटी उघडली आणि अब्बांचा मूळ कागद काचेच्या टेबलावर अंथरला. काही सुचत नाही तेव्हा ती हेच करते. खाली बल्ब लावला. काळ्या रेघा स्वच्छ, आणि त्यांच्यामागं नदीचं मंद निळं पाणी. तिनं सहज कोपरा उलटून पाहिला. निळा रंग मागच्या बाजूला होता.

तिला एकदम चौथीतला दिवस आठवला. तिनं अब्बांच्या नकाशावर वरून निळा फिरवला होता आणि सगळी शाई फुटून घाण झाली होती. मार बसेल असं वाटलं. अब्बांनी कागद टाकून दिला, नवा कापला, आणि उलटा करून तिच्यापुढं ठेवला. "रंग कायम पाठीमागनं लावायचा, बेटी," ते म्हणाले होते. "रेघ वर, रंग खाली. बघनाऱ्याला दोनी दिसत्यात, आन कुनी कुनाला पुसत न्हाय."

फरिदा उठली आणि संगणकावर कोरल हे आखणीचं सॉफ्टवेअर उघडून बसली. दुकानाचं शटर तिनं अर्धं ओढून घेतलं. इंदापुरात अर्ध्या शटरचा अर्थ लोकांना कळतो, तरी तिघेजण वाकून डोकावून गेलेच.

पट्टे पारदर्शक का ठेवले होते? घरांवरून जातात म्हणून. मग वरून न्यायचेच कशाला? तिनं सगळे पट्टे घरांच्या खाली सरकवले आणि त्यांना फिका पण भरीव रंग दिला. पाण्याचा पदर काढला आणि सगळ्यांच्या तळाशी साधा, घट्ट निळा अंथरला. आता उरली पाण्यातली घरं. त्यांच्यावर निळ्याची छटा दिसायला हवी, नाहीतर ती पाण्यावर तरंगताहेत असं वाटलं असतं. तिनं स्वप्नालीचा मूळ नकाशा शेजारी उघडला आणि एकेका आळीचा रंग डोळ्यांनी जुळवत गेली. लाल आळीची घरं निळ्याखाली जांभळट दिसत होती, तर त्यांना तोच जांभळट रंग थेट देऊन टाकला. पिवळ्या आळीला शेवाळी. यंत्रानं ठिपक्याठिपक्याला जो विचार करायचा, तो तिनं आधीच करून ठेवला. दुपारी तीनच्या सुमाराला नकाशात पारदर्शक असं काहीच उरलं नाही, आणि सांगितल्याशिवाय कुणाला कळलंही नसतं.

छापायला टाकण्याआधी तिनं अब्बांच्या कागदाचा कोपरा वाचला. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, एकूण घरे २१२. सवयीनं तिनं पडद्यावरची घरं निवडली. संगणकानं आकडा दाखवला, २०३.

आधी तिला वाटलं मोजणी चुकली. मग शुक्रवारची झाडलोट आठवली. ज्याला पट्टा नाही ते सगळं तिनं उडवलं होतं. तिनं स्वप्नालीला फोन लावला. स्वप्नाली म्हणाली की नऊ कुटुंबांनी नव्या गावात प्लॉट घेतलाच नव्हता. कुणी वरकुट्याला गेलं, कुणी बारामतीला. त्यांची आता गावात घरं नाहीत, मग पट्टे कुठं जोडणार? त्यांची घरं पालखीच्या क्रमातही नाहीत, तेव्हा राहू द्या मावशी, तेवढीच गर्दी कमी.

फरिदानं फोन ठेवला. मुलाण्यांनीही नव्या गावात प्लॉट घेतला नव्हता. म्हणजे जे घर ती जन्मभर दोनशे बारांत शोधत होती ते या नऊंत होतं, आणि तिनं ते स्वतःच्या हातानं धूळ समजून झाडून टाकलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि अब्बा समोर नाहीत याचं बरंही वाटलं.

तिनं मूळ फाईलमधून नऊच्या नऊ घरं परत आणली. क्रमांक ८, ३१, ४१, ६६, ९०, ११७, १४३, १७०, २०५. पट्टा कुणालाच नाही. त्यांना कुठल्या आळीचा रंग द्यायचा हेही माहीत नव्हतं, म्हणून पांढरी ठेवली. छापायला टाकलं. रांगेत आकडा दिसला, एकोणीस एमबी. प्लॉटरचं डोकं इकडून तिकडं पळायला लागलं आणि सहा मिनिटांत सगळं चिंचदेव गुंडाळीतून बाहेर आलं.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात सतरंजीवर तो नकाशा अंथरला. फरिदा बायकांच्या मागं, खांबाला टेकून बसली होती. विराजनं आपलं म्हणणं नीट मांडलं. आमची भक्ती कमी नाही, पण सर्व्हिस रोडला ट्रक असतात, ऊन असतं, आणि आता क्रम कुणाला येतही नाही. ते खरंच होतं. मग दोघांनी गेणबाआबांना धरून नकाशापाशी बसवलं.

आबांनी आधी नुसतंच पाहिलं. पाण्याच्या निळ्यावरून हात फिरवला, ओला लागतो का बघावं तसा. मग वेशीपाशी बोट ठेवलं आणि ते बोट चालायला लागलं. पहिलं घर, दुसरं, तिसरं. ते आकडे वाचत नव्हतेच. भिंतीच्या कोनावरून, बोळाच्या वळणावरून बोट आपलं आपण वळत होतं. स्वप्नाली वरच्या गावात पट्ट्यामागून बोट नेत होती आणि आताच्या कुटुंबाचं नाव मोठ्यानं सांगत होती. विराजच्या शेजारी बसलेला मास्तर ते लिहून घेत होता.

आठ नंबरच्या, पहिल्या पांढऱ्या घरावर आबा थांबले. "हितं खांदा," ते म्हणाले आणि पुढं सरकले. कुणी लक्ष दिलं नाही. एकतीस नंबरवर पुन्हा "हितं खांदा." एकेचाळीसवर तेच.

विराज गुडघ्यांवर पुढं आला. पालखीला रस्त्यात नऊ ठिकाणी खांदापालट होतो, पाण्याच्या टाकीपाशी, शाळेच्या भिंतीशी, असा कुठंही मोकळ्या जागी. दम घ्यायला थांबतात असंच तो लहानपणापासून समजत आला होता, आणि त्याच्या सरळ मार्गात त्यानं आधी तेच थांबे काढले होते. त्यानं पांढरी घरं बोटानं मोजली. "नऊच हाईत," तो हळू म्हणाला. ज्यांची दारं उरली नव्हती, त्यांच्या वाट्याला पालखी रस्त्यावरच थांबत होती, पंचेचाळीस वर्षं.

बोट एकशे सतरावर आलं तेव्हा आबा "खांदा" म्हणाले नाहीत. त्यांनी मूठ वळली, जणू हातात काही आहे अशी, आणि मनगट उजवीकडं वाकवलं.

"हितं दिवटी वाकवायची, तेल घ्यायला," ते म्हणाले. "दिवटीचा मान मुलान्याचा. तेल त्यांच्या घरचं."

आताच्या गावात ती जागा कुठली, हे स्वप्नालीनं विचारलं. आबांना विचार करावा लागला नाही. "लाइटीच्या डीपीपाशी, रोडला. मी दर साली तितं दिवटी वाकवायचो, तेल कुनी घालू न घालू. एक प्यांटवाला मानूस छत्री घिऊन उभा असायचा तितं. मला वाटायचं, यष्टीची वाट बगतोय. लई सालं झाली, न्हाय दिसला."

अब्बा दर चैत्रात एक दिवसाची रजा टाकत. काळी छत्री घेऊन सकाळी निघत आणि जेवायला परत येत. उन्हात कुठं उभे राहता, असं तिनं एकदा विचारलं होतं. सावली माझी माझ्यासंगं असती, म्हणाले होते. नोकरीसाठी ते कोवळ्या वयात गावाबाहेर पडले, गावानं त्यांना ओळखलं नाही, आणि घरच उरलं नाही तर मान कुठल्या तोंडानं मागावा म्हणून ते पुढंही झाले नाहीत. फरिदा खांबाला धरून उठली.

"अब्बा होते ते," ती म्हणाली.

बायकांनी वळून पाहिलं. आबांना नीट ऐकू गेलं नसावं, स्वप्नालीनं त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं. त्यांचं बोट बराच वेळ त्या पांढऱ्या घरावरच राहिलं, आणि उरलेली घरं दुपारी चहानंतर झाली.

मार्ग बदलला नाही. पालखी पहाटे पाचला काढायची आणि सर्व्हिस रोडला दोन्ही बाजूंनी माणसं उभी करायची, एवढं विराजनंच सुचवलं.

त्या संध्याकाळी फरिदानं अब्बांचा कागद पुन्हा काचेवर अंथरला आणि भिंगातून एकशे सतरा पाहिलं. मग एकशे सोळा, एकशे अठरा. तिन्हींची रेघ सारखीच होती, केसभरसुद्धा जाड नाही.

चैत्रात ती एकटीच गेली. साडेआठपासून डीपीपाशी उभी होती, एका हातात घासून लखलखीत केलेली तेलाची पितळी बुधली, दुसऱ्या हातात अब्बांची छत्री. पालखीला वेळ होता. भिगवणकडून आलेली एसटी तिच्याजवळ हळू झाली आणि कंडक्टरनं दारातून इंदापूर, इंदापूर असं विचारलं. तिनं छत्रीनंच नाही म्हणून खुणावलं.

साडेनऊला पालखी आली आणि भोयांनी खांदा बदलला. गेणबाआबा मागं टेम्पोत खुर्ची टाकून बसले होते. स्वप्नालीचे वडील दिवटी घेऊन पुढं झाले आणि त्यांनी ती उजवीकडं वाकवली. फरिदा पुढं झाली आणि तेल घालू लागली. थोडं रस्त्यावर सांडलं. दिवटी भरली, काठावरून तेल ओघळायला लागलं.

"बास, पोरी," आबा टेम्पोतून म्हणाले.

पण तिनं शेवटचा थेंब पडेपर्यंत बुधली सरळ केली नाही.